बारा तारांची खणखण कुठून येते: एका इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह स्ट्रिंगच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

बारा तारांची गिटार आली. सेकंडहँड आहे, रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीच्या ३६०/१२ च्या वळणाची नक्कल. अर्धपोकळ बॉडी, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या गुंडाळ्या) आणि ते प्रसिद्ध डोकं: सहा चाव्या नेहमीसारख्या बाजूला, उरलेल्या सहा क्लासिकल गिटारसारख्या खाचांमधून मागच्या दिशेने. बारा चाव्या सरळ ओळीत लावल्या की डोकं लांबतं आणि पट्टा अडकवून उभं राहिलं की मान जमिनीकडे झुकते. इथे सहा चाव्यांच्या जागेत बारा मावतात. खरं तर हे डोकं बघूनच मी घेतली, बाकीची कारणं घरी सांगायला नंतर जुळवली.

बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल फारसं बरं लिहायचं नाहीये.

प्रकल्प असा. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ३६०/१२ मिळाली. त्याच वर्षी बीटल्सच्या चित्रपटात ती बघून रॉजर मॅकग्विनने स्वतःसाठी घेतली आणि १९६५ मध्ये त्याच्या बर्ड्स या बँडच्या ध्वनिमुद्रणांतून तो आवाज जगभर गेला. हा आवाज कशामुळे, असं विचारलं की दहातले नऊ गिटारवाले 'पिकअप' म्हणतात. मला ते पटत नाही. म्हणून पिकअपला हात न लावता बाकीचं एकेक बदलत जायचं, दर वेळी डी कॉर्डची तीच सुटी सुरावट त्याच पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) वाजवून ध्वनिमुद्रित करायची, आणि फरक कुठे पडतो ते ऐकायचं.

आजची अवस्था: नटची, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिची, रुंदी ठीक, पण खाचा मनाला येईल तशा पाडलेल्या. जोडीतल्या दोन तारा एकमेकींपासून इतक्या लांब की पहिल्या फ्रेटवर एफची बार धरली (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबल्या) की एक दबते, दुसरी नुसती थडथडते. कारखान्यात सहा तारांच्या नटमध्ये मध्येमध्ये सहा खाचा घुसवल्यासारखं दिसतंय.

१५ जून

जुन्या गंजलेल्या तारा काढल्या. नव्या संचाचे व्यास, इंचांत: ई आणि बी या बारीक सुरांच्या जोड्या एकसुरी, ०.०१० दोन आणि ०.०१३ दोन. पुढच्या चार जोड्यांत एक मूळ सुराची आणि एक सप्तकाने वरची: जी ०.०१७ आणि ०.००८, डी ०.०२६ आणि ०.०१२, ए ०.०३६ आणि ०.०१८, खालचा ई ०.०४६ आणि ०.०२६.

यातली जीची बारीक तार म्हणजे ट्वेल्व्ह स्ट्रिंगवाल्यांचं कायमचं दुखणं. सगळ्यात आधी तीच तुटते. यावर 'आणखी बारीक लाव' आणि 'जरा जाड लाव' असे दोन्ही सल्ले मिळतात, म्हणून गणित करून पाहिलं. तारेचा एकूण ताण जाडीवर अवलंबून असतो हे खरं. पण धातूच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ओढ येते, हे फक्त तारेची लांबी आणि सूर ठरवतात. जाडी दोन्ही बाजूंनी कटून जाते. ही तार ३९२ हर्ट्झला लागते, तर उघडी ई ३३० ला, म्हणजे तीन अर्धस्वर खाली. ओढ सुराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीन अर्धस्वरांचा फरक बरोबर वर्गमूळ २ पट निघतो. जीच्या बारीक तारेतलं पोलाद ईपेक्षा ४१ टक्के जास्त ताणलेलं असतं, मग ती कोणत्याही जाडीची घ्या. माझ्या ६२८ मिलिमीटर स्केलवर (नट ते घोडी तारेची लांबी) ०.००८ ची तार साधारण सव्वासहा किलोने ओढली जाते, आणि तिचा व्यास आहे ०.२ मिलिमीटर.

थोडक्यात, तिला वाचवायचं तर नटची खाच आणि घोडीवरची धार गुळगुळीत हवी. जाडीशी खेळून काही होणार नाही.

२१ जून

पुण्यात पालख्या मुक्कामी आहेत, पेठांत शिरण्यात अर्थ नाही. खरेदी पुढच्या आठवड्यात. आज घरी बसून तारांचा क्रम ठरवला, आणि नट कापण्याआधी तो ठरवणं भागच होतं, कारण ०.०४६ ची खाच ०.०२६ च्या तारेला चालत नाही.

नेहमीच्या ट्वेल्व्ह स्ट्रिंगवर जोडीतली बारीक तार वरच्या बाजूला असते, म्हणजे पिक खाली येताना आधी तिला लागतो आणि मग जाड तारेला. रिकनबॅकरने हे उलटं केलं: आधी जाड, मग बारीक. माझ्या गिटारवर आधीच्या मालकाने नेहमीचा क्रम लावला होता, म्हणजे साच्यात रिकनबॅकर आणि तारांत अकूस्टिक.

उलट्या क्रमाने काय होतं? पिकने खाली मारलं की मूळ सूर ठाम येतो आणि सप्तक त्याच्या मागून चमकतं. एवढं सगळेच सांगतात. मला जास्त रस आहे तो बोटांत. मॅकग्विन मुळात शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये बँजो शिकलेला. तो अंगठा आणि तर्जनीत पिक धरतो आणि मधल्या दोन बोटांत धातूचे फिंगरपिक घालून बँजोसारख्या लडी काढतो. पिक वरून खाली येतो, पण बोटं खालून वर खेचतात. म्हणजे रिकनबॅकरच्या क्रमात पिकला आधी जाड तार लागते आणि बोटांना आधी बारीक. एकाच लडीत एक सूर खर्जातून उघडतो, पुढचा सप्तकातून. नेहमीच्या क्रमात हे बरोब्बर उलटं होतं: पिकच्या सुरात सप्तक पुढे येतं आणि बोटांच्या सुरात जाड तार. वाजवणारा पिकने खर्ज सांभाळत असेल आणि बोटांनी वरचं नक्षीकाम करत असेल, तर हा क्रम त्याच्या हातासाठीच बेतलाय असं वाटावं.

क्रम पक्का: रिकनबॅकरचा. एकसुरी जोड्यांना याने काही फरक पडत नाही हे ओघानं आलंच.

२९ जून

नट. आजचा पूर्ण दिवस यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

हाड मिळालं एका सतार-तंबोरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. घोडीसाठी आणलेल्या उंटाच्या हाडातला तुकडा त्यांनी दिला. "गिटारला कशाला एवढं चांगलं हाड?" असं विचारून, तरी दिला. नटच्या खास कानशी महाग असतात, त्याऐवजी बोहरी आळीतून वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या काड्यांचा संच आणला. वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत तारा असतात त्यात, गोल तळाच्या खाचा पाडायला झकास. सगळ्यात बारीक खाचांसाठी ब्लेडने रेघ मारून जुन्या तारेवर पॉलिश पेपरची पट्टी ओढली.

आखणी: पहिल्या तारेपासून बाराव्या तारेपर्यंत मध्याला मध्य ३५.५ मिलिमीटर. जोडीतल्या दोन तारांचे मध्य १.९ वर, जोडीपासून जोडी ६.७ वर. जाड जोड्यांना थोडी सूट दिली, कारण डोळ्याला मध्य दिसत नाहीत, तारांमधली फट दिसते, आणि बोटालाही तीच कळते. १.९ पेक्षा जवळ आणल्या तर जोरात वाजवल्यावर जोडीतल्या तारा एकमेकींवर आपटतात.

खोलीबद्दल दोन मतं आहेत. एका मते जोडीतल्या दोन्ही तारांचे तळ एका पातळीवर हवेत, म्हणजे फ्रेटवरची उंची सारखी. दुसऱ्या मते माथे एका पातळीवर हवेत, म्हणजे बोटाखाली दोन्ही एकदम दबतात. मी मधला मार्ग काढला: बारीक तार तळापेक्षा किंचित वर, माथ्यापेक्षा किंचित खाली. तळ एका पातळीवर ठेवले तर खालच्या ईच्या जोडीत माथ्यांतला फरक अर्धा मिलिमीटर असतो आणि तो बोटाला चांगलाच जाणवतो.

खाचेचा तळ डोक्याकडे उतरता हवा, म्हणजे तार फक्त फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर टेकते. तळ सपाट राहिला की तार तिथे घासत गुणगुणते. तंबोऱ्यात हीच गुणगुण, म्हणजे जवारी, दोरा सरकवून मुद्दाम काढतात, तिच्यासाठी कारागीर आयुष्य घालवतात. इथे ती नको असते. इलेक्ट्रिक सितार नावाचं वाद्य मात्र याच तत्त्वावर उभं आहे. ज्या विनी बेल या गिटारवादकाने १९६१ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीसाठी बारा तारांची बेलझुकी आणली, त्यानेच १९६७ मध्ये रुंद सपाट घोडीची कोरल सितारही केली. योगायोग वाटत नाही. बारा तारांनी ज्याचे कान खराब झालेत, तो जवारीपर्यंत पोचणारच.

संध्याकाळी तारा चढवल्या. एफची बार पहिल्यांदा बारा तारांसकट वाजली.

१३ जुलै

पाऊस, दमट हवा, मान थोडी हलली. ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा गज) किंचित फिरवला, आधी तारा सैल करून. यावर एवढंच.

इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर गेल्यावरही सूर बरोबर लागणं. जुन्या पद्धतीच्या घोडीवर सहाच सॅडल (तार जिच्यावर टेकते ते सरकते तुकडे), म्हणजे जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सॅडलवर. जाड तारेला लांबी थोडी जास्त द्यावी लागते, बारीक तारेला कमी. सॅडल जाड तारेप्रमाणे लावला तर बाराव्या फ्रेटवर बारीक तार उतरते. बारीक तारेप्रमाणे लावला तर जाड चढते. सगळ्यात वाईट अवस्था जीच्या जोडीची, कारण तिची ०.०१७ ची साधी तार फार ताठ असते. फेंडरने १९६५ च्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हमध्ये बारा सॅडल देऊन हा प्रश्न मुळातून सोडवला, आणि तो सोडवूनही ती गिटार काही वर्षांतच बंद झाली. बारा सॅडलची घोडी मागवावी का, हा विचार चालू आहे. तूर्त प्रत्येक सॅडल दोघींच्या मधोमध.

२० जुलै

आत्या आली होती. गाणं शिकवते, तिच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. मी क्लिपवाला ट्यूनर लावून, एक तार बोटाने दाबून दुसरी जुळवत बसले होते. दोन्ही एकदम वाजल्या की ट्यूनरचा काटा वेड्यासारखा नाचतो.

"अगं, ही जोड लागलेलीच नाहीये."

काटा मध्यावर होता. तिने काट्याकडे बघितलंही नाही. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा जशा लावते तशी तिने बीची जोड लावली: एक तार छेडत ठेवून दुसरी खालून हळूहळू वर आणायची आणि दोघींमधून येणारी लहर ऐकत राहायची. लहर संथ होत गेली की जवळ आलो. गणिताने पाहिलं तर ईच्या जोडीत, ३३० हर्ट्झच्या आसपास, तीन सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चूक म्हणजे पावणेदोन सेकंदांना एक लहर. स्वस्तातल्या क्लिप ट्यूनरला तीन सेंट बरोबरच वाटतात. कानाला ती लहर स्पष्ट ऐकू येते.

सप्तकाच्या जोडीतही लहर असते, फक्त ती जाड तारेच्या दुसऱ्या हार्मोनिकशी बारीक तारेची असते. जाड तार ताठ असल्याने तिचा हार्मोनिक सैद्धांतिक दुपटीपेक्षा केसभर चढा असतो. त्यामुळे कानाने लावलेलं सप्तक ट्यूनरवर चढं दिसतं. ते तसंच ठेवायचं.

मग मी ईची मेजर कॉर्ड वाजवून दाखवली आणि तिचा चेहरा बदलला. "गंधार केवढा चढाय!"

बरोबर आहे तिचं. समान भागांच्या सप्तकात मेजर थर्ड ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ वर. सहा तारांवर हा फरक आपण गिळतो. इथे सप्तकाच्या तारा मूळ तारांचे हार्मोनिक आणखी उजळ करतात, त्यामुळे चढा गंधार त्यांच्याशी भांडताना उघडा पडतो. यावरून एक गोष्ट हातात उतरली: बारा तारांवर भरगच्च मेजर कॉर्ड मारत सुटायचं नाही. सा आणि प उघड्या तारांवर झंकारत ठेवायचे, मध्ये रे किंवा म आणायचा, गंधाराला जाता जाता स्पर्श करायचा. ही गिटार तेव्हा मोकळी होते.

आत्याचा शेरा: "वाद्य बरंय, पण लावता लावता मैफल संपेल." तंबोऱ्यालाही किती वेळ लागतो हे मी तिला सुनावलं नाही.

३ ऑगस्ट

विद्युत भाग. तपकीर गल्लीतून काही रुपयांत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. जुन्या रिकनबॅकरमध्ये घोडीजवळच्या पिकअपला हा मालिकेत जोडलेला असायचा. खालचे सूर गाळले जातात आणि उरतो तो काचेसारखा पातळ, लखलखीत आवाज. एका बाजूला स्विच लावला, म्हणजे आत-बाहेर करून तुलना करता येईल. एकट्याने ऐकला तर फार किडकिडीत. दोन्ही पिकअप एकत्र लावले की जाड तारांचा चिखल निघून जातो आणि जोड्या वेगळ्या ऐकू येतात.

गुणगुण होती ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची. पिकअप सिंगल कॉइल, त्यामुळे घरात काय काय चालू आहे त्याची पूर्ण यादी अँपमधून ऐकू येते. आत तांब्याची पट्टी चिकटवून अर्थिंगला जोडली. ५० हर्ट्झची घरघर थोडी कमी झाली, रेग्युलेटर तसाच.

१७ ऑगस्ट

कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारी पेटी. मॅकग्विनचा स्टुडिओतला आवाज कॉम्प्रेसरमधून गेलेला आहे, आणि तोही प्रकाशावर चालणाऱ्या जातीच्या, टेलेट्रॉनिक्स एलए-२ए सारख्या. त्यात आवाज वाढला की एक पट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी रोधक आपला रोध कमी करतो आणि पातळी खाली ओढली जाते. एवढी महाग पेटी आपल्याला नको. तत्त्व तेच, सामान पेठेतलं: टीएल०७२ ही एक अँप्लिफायर चिप, एक लाल एलईडी, एक एलडीआर (तोच प्रकाशसंवेदी रोधक). एलईडी आणि एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद केलं, बाहेरचा प्रकाश शिरता कामा नये. स्ट्रिपबोर्डवर बाकीचं. नऊ व्होल्टची बॅटरी.

एलडीआरचा रोध प्रकाश पडल्यावर चटकन उतरतो, अंधारात मात्र सावकाश सावरतो. म्हणून पिकचा पहिला टणत्कार निसटून पुढे जातो, मग पातळी दाबली जाते, आणि सूर विझू लागला की दाब सैल होऊन तो पुन्हा वर येतो. तार जितका वेळ वाजते त्याहून जास्त वेळ वाजल्याचा भास होतो. बारा तारांवर याचा परिणाम दुप्पट, कारण विझत्या सुरातच जोडीतली ती संथ लहर ऐकू येते. एरवी ती ऐकू येईपर्यंत सूर संपलेला असतो.

बैठकीत हा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "काय लावलंयस?" वाजवतेय म्हटल्यावर विश्वास बसला नाही. यापेक्षा चांगली पावती नको.

तोटा असा की कॉम्प्रेसर शांततेतली घरघरही वर आणतो. म्हणजे ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, आणि ऑगस्टमधल्या पुण्याच्या दमट हवेत.

सतारवाल्या मित्राकडची मिझराब मधल्या बोटात घालून लडी काढून पाहिल्या. आवाज धारदार येतो, फार धारदार. नखंच वाढवते.

३१ ऑगस्ट

गणपती. चौकात ढोल-ताशा. काहीही ध्वनिमुद्रित करणं अशक्य. सराव मात्र जोरात, कारण कुणाला ऐकूच येत नाही.

१४ सप्टेंबर

ध्वनिमुद्रणाचे सगळे तुकडे एकत्र करून, कुठला कोणता हे न सांगता, चार ओळखीच्यांना ऐकवले. त्यात दोघे गिटारवाले, आत्या, आणि एक जण ज्याला संगीतात काडीचा रस नाही.

कपॅसिटर: गिटारवाल्यांनाच कळला, आणि त्यांनाही 'काहीतरी वेगळं' एवढंच. तारांचा क्रम: नुसतं खाली-वर झोडपलं तर कुणालाच फरक सांगता आला नाही, पिक आणि बोटांच्या लडींत सगळ्यांना आला. कॉम्प्रेसर: ज्याला रस नाही त्यालाही. कानाने लावलेल्या जोड्या विरुद्ध ट्यूनरने लावलेल्या: आत्या लगेच, बाकीचे दोनदा ऐकून.

पिकअप तेच, कारखान्यातले, स्वस्त. आधी कॉम्प्रेसर, मग उजवा हात आणि तारांचा क्रम, मग जोडी लावण्यातला कान, असा क्रम मी तरी लावीन. पिकअप बदलायचे पैसे शिलकीत. नट या यादीत मोजत नाही, कारण त्याआधी ही गिटार वाजतच नव्हती.

कर्वेनगरच्या मित्राच्या गाण्यात मधल्या तुकड्यासाठी एक लड वाजवून दिली. त्याने ती डावीकडे ठेवली आणि तीच पुन्हा वाजवून घेऊन उजवीकडे, म्हणजे कानावर चोवीस तारा. दुसऱ्यांदा वाजवताना मध्येच जीची बारीक तार गेली, घोडीपाशी. नटपाशी नाही, याचं समाधान. जीच्या सॅडलच्या खाचेवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचाय. बारा सॅडलची घोडी मागवायचा बेत रद्द, त्या पैशांत ०.००८ च्या सुट्या तारा घेते.